सात, पाच आणि आठ

(अंबाजोगाई येथे कॉलेजच्या मुलामुलींसमोर केलेलं भाषण)



होस्टेलवर राहणारी मुलं मला एक गोष्ट हमखास सांगतात. खोलीत नमाज पढताना रूममेट बघत असतो आणि नंतर म्हणतो, "तुमचा व्यायाम भारी आहे रे." मग काहीजण दार लावून पढायला लागतात. काहीजण त्याला गुडघ्यांना, पाठीला, पचनाला कसा फायदा होतो ते सांगत बसतात. मला दोन्ही पटत नाही.

आधी आपण काय करतो ते बघू. उभं राहणं, रुकू, सजदा, बैठक. दिवसाच्या पाच फर्ज नमाजांच्या 17 रकाती होतात, म्हणजे 34 सजदे. सजद्यात सात अवयव जमिनीला टेकावेत असं हदीस सांगते: नाकासह कपाळ, दोन तळहात, दोन गुडघे, दोन्ही पायांची बोटं.

आता शेजारी बघा. आपल्या बौद्ध मित्राच्या विहारात पंचांग प्रणाम करतात. गुडघे, हात आणि कपाळ मिळून पाच अंगं, आणि तीनदा: बुद्धाला, धम्माला, संघाला. तिथे देवाकडे काही मागणं नसतं. परळीला वैद्यनाथाच्या देवळात कुणी साष्टांग दंडवत घालतो. त्यातली आठ अंगं मोजताना छाती, डोकं, हात, पाय, गुडघे यांच्यासोबत नजर, वाणी आणि मनही धरतात. मन हे अंग म्हणून मोजलंय, हे मला फार आवडतं. कारण आपल्याकडे नमाज सुरू होण्याआधी नियत लागते. नियत नसेल तर 34 वेळा कपाळ टेकूनही ती नमाज नाही.

बीड जिल्ह्यात हे समजायला पुस्तक लागत नाही. ऊसतोड कामगार बुडख्यापाशी कोयता घालतो तेव्हा कमरेत वाकतोच. दिवसभर वाकतो. त्याला कुणी रुकू म्हणत नाही, ती मजुरी आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा व्यायाम म्हणून प्रचार केला. दुसरा कुणी तेच नमस्कार मंत्र म्हणत, उपासना म्हणून घालतो. हालचाल तीच, पण ती कशासाठी आणि कुणासमोर, हा प्रश्न उरतो. म्हणूनच "शाळेत सक्ती नको" म्हणणारा मुलगा व्यायामाच्या विरोधात असतोच असं नाही. हे शिक्षकांना शांतपणे सांगता आलं पाहिजे.

"सगळं एकच आहे" असंही मी म्हणणार नाही. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाईवरून पंढरपूरला जाते. वारकरी टाळ-मृदंगावर पावली खेळतात, फुगडी घालतात आणि भेटले की एकमेकांच्या पाया पडतात. म्हातारा पोराच्या पाया पडतो. किती सुंदर! पण सत्काराच्या कार्यक्रमात पाहुण्यांच्या पायावर डोकं ठेव म्हटलं की आपला मुलगा अवघडतो, कारण त्याच्या घरात कपाळ फक्त अल्लाहसमोर टेकतं. त्याने हात जोडावेत, आदराने बोलावं आणि कारण सांगावं. त्यात उद्धटपणा नाही. पण त्याच मुलाने दंडवत घालणाऱ्याला हसू नये. आपल्यातही हसणारे आहेत, मी ऐकलंय.

आणि याच मातीत शेख महंमद होऊन गेले. आष्टी तालुक्यातलं वाहिरा हे त्यांचं गाव मानलं जातं. मुस्लिम घरात जन्मलेल्या या माणसाने मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. शेजाऱ्याची उपासना समजून घेतल्याने आपली बुडते, ही भीती त्यांना नव्हती.

आता घरातलं बोलू. ज्याची कंबर कोयत्याने गेली, तो खुर्चीवर बसून नमाज पढतो तेव्हा मागच्या सफेत कुजबुज होते. कशाला? इमरान बिन हुसैन आजारी होते, त्यांना पैगंबरांनी सांगितलं होतं की उभं राहून पढ, जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर. झुकणं शरीराला जमेल तेवढंच.

बायकांना मात्र बहुतेक घरांत वेगळा सजदा शिकवतात, अंग आवळून, जमिनीला चिकटून. यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत. पण जागेचा प्रश्न सरळ आहे: आपल्याकडच्या बहुतेक मशिदींत त्यांच्यासाठी सफच नाही. होस्टेलच्या मुलाला निदान दार लावता येतं. बाजाराला आलेल्या बाईने असरची नमाज कुठे पढायची?

याबद्दल तुम्हाला काय वाटतं ते ऐकायचं आहे. आधी मुलींनी बोलावं.