फॉल्ट सापडला नाही, सर



हायब्रिड गाडीत इंजिन बंद पडणं ही रोजचीच गोष्ट आहे. सिग्नलला थांबलात की बंद, उतारावर बंद, गर्दीत सरकत असताना बंद. त्यासाठीच तर आपण दोन-तीन लाख जास्तीचे मोजतो! म्हणून खरोखर बिघाड होऊन गाडी बंद पडते, तेव्हा पहिले काही सेकंद कळतच नाही. आवाज नाही, धक्का नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबता, काही होत नाही. डॅशबोर्डवर "रेडी" लिहिलेला दिवा दिसत नाही. मागून ट्रकचा हॉर्न येतो, मग कळतं.

माझ्या गाडीचं चार महिन्यांत तीनदा असं झालं. कंपनीचं नाव सांगणार नाही, कारण मला जे सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाही.

पहिल्यांदा इंदूरला, पलासियाच्या चौकात. बंद करून पुन्हा चालू केली, चालली. सर्व्हिस सेंटरने दोन दिवस ठेवून घेतली आणि धुऊन-पुसून परत दिली. "फॉल्ट सापडला नाही, सर." दुसऱ्यांदा धुळ्याहून परत येताना बिजासन घाटात, चढावर. गाडीत 78 वर्षांची आई. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. ब्रेक लागले, पण पाय जोरात रोवावा लागला. कशीबशी कडेला घेतली. थोड्या वेळाने एक ट्रॅक्टरवाला भला माणूस दोर घेऊन आला, म्हणाला, "ओढून नेतो साहेब, सेंधव्यापर्यंत." त्याला हात जोडून नको म्हटलं. बहुतेक हायब्रिडमध्ये मोटर चाकांना कायमची जोडलेली असते. चाकं जमिनीवर फिरवत ओढली, की मोटर वीज तयार करायला लागते आणि नुकसान वाढतं. गाडी फ्लॅटबेडवर चढवूनच न्यायची, निदान जी चाकं मोटरवर चालतात ती तरी उचललेली हवीत. आम्ही चार तास थांबलो. आईने तेवढ्यात त्या ट्रॅक्टरवाल्याची सगळी वंशावळ काढली, ते वेगळं.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर पुन्हा तेच. फॉल्ट सापडला नाही.

आता मी कोण, ते सांगतो. मी एकतीस वर्षं वीज कंपनीत रिले टेस्टिंगचं काम केलं. सबस्टेशनमधला फीडर ट्रिप झाला, की तो ट्रिप करणारा एक रिले असतो. आताचे रिले डिजिटल आहेत. कुठल्या क्षणी, किती करंट, किती व्होल्टेज, कुठल्या कारणाने ट्रिप केलं, याची नोंद ते ठेवतात. फीडर ट्रिप झाल्यावर मी साहेबांना "फॉल्ट सापडला नाही" असं सांगितलं असतं, तर त्यांनी एकच प्रश्न विचारला असता: रिलेमध्ये काय लिहिलंय?

हायब्रिड गाडी बंद पडते, तेव्हा बऱ्याचदा ती "मोडलेली" नसते, तर "ट्रिप" झालेली असते. आत शेकडो व्होल्टची बॅटरी आहे, इन्व्हर्टर आहे, आणि या सगळ्यावर नजर ठेवणारा कॉम्प्युटर आहे. काही आकडा मर्यादेबाहेर गेला, की तो आधी ताकद कमी करतो आणि अगदीच असह्य झालं तर मोठ्या बॅटरीचा संबंध तोडतो. आणि का तोडला, त्याचा कोड लिहून ठेवतो. सोबत त्या क्षणाचे आकडेही. तो कागद गाडीतच असतो, मंडळी. आपल्याला कोणी दाखवत नाही, एवढंच.

त्यातही गंमत म्हणजे मोठी बॅटरी बिचारी अनेकदा निर्दोष असते. हायब्रिडमध्ये आपली नेहमीची 12 व्होल्टची छोटी बॅटरीही असते. कॉम्प्युटर, रिले, दिवे सगळं तिच्यावर. पुष्कळ हायब्रिडमध्ये अल्टरनेटर नसतोच. मोठ्या बॅटरीतून कन्व्हर्टरमार्फत ही छोटी चार्ज होते. हा 12 व्होल्टचा पुरवठा डळमळला, की वीस-तीस लाखांची गाडी जागच्या जागी बसते. आणखी एक जागा बघा. मागच्या सीटजवळ बऱ्याच गाड्यांत बॅटरीला हवा देणारी जाळी असते. आपण तिथे पिशव्या, चादरी, सतरंजी कोंबतो आणि जाळी धुळीने भरते. उन्हाळ्यात बॅटरी तापते ती तिथून.

हे सगळं नवीनही नाही. 2005 साली अमेरिकेत टोयोटाच्या प्रियस गाड्या चालता चालता बंद पडत असल्याच्या तक्रारी आल्या, आणि सुमारे 75 हजार गाड्यांचं सॉफ्टवेअर बदलावं लागलं. 2014 मध्ये जगभरात 19 लाख प्रियस परत बोलावल्या. सॉफ्टवेअरमुळे इन्व्हर्टरमधले ट्रान्झिस्टर जास्त तापत होते. 2018 मध्ये आणखी 24 लाख हायब्रिड. बिघाड झाल्यावर ज्या सुरक्षित मोडमध्ये गाडीने जायला हवं, त्यात ती काही वेळा जात नव्हती, थेट बंद पडत होती. ज्या गाड्यांना आधीच्या रिकॉलमध्ये उपाय करून दिला होता, त्याच परत बोलवाव्या लागल्या. जी कंपनी 1997 पासून हायब्रिड बनवते, तिची ही गोष्ट. चूक होते, ठीक आहे. पण लक्षात घ्या, हे दोष कुणाच्या कल्पनेतले नव्हते, आणि पानं-पेचकस घेऊन शोधले असते तर सापडलेही नसते.

तिसऱ्यांदा गाडी बंद पडली, तेव्हा मी स्क्रीनवरच्या प्रत्येक मेसेजचा फोटो काढला. वेळ, किलोमीटर, बाहेरचं तापमान लिहिलं. सर्व्हिस सेंटरच्या दारातच अ‍ॅडव्हायझरला सांगितलं, "कोड पुसण्याआधी स्कॅन रिपोर्ट प्रिंट करायचा, आणि जॉबकार्डवर 'चालत्या गाडीत पॉवर गेली' हे शब्द लिहायचे." तो "जनरल चेकअप" लिहीत होता. मी सही केली नाही. पाऊण तास वाद झाला. मग मॅनेजर आले, चहा आला, शेवटी रिपोर्टही आला. त्यात 12 व्होल्टच्या पुरवठ्याचा कोड होता. बॉनेटखाली अर्थिंगच्या वायरचा बोल्ट सैल निघाला. अर्धा तास लागला दुरुस्तीला. बोल्ट! आधीच्या दोन वेळच्या नोंदी कुठे आहेत, विचारलं. पुसल्या होत्या.

बोल्टचा मला राग नाही, पुसलेल्या नोंदींचा आहे.

त्या अ‍ॅडव्हायझर पोराचा दोष मी फारसा धरत नाही. त्याला दिवसाला किती गाड्या बाहेर काढायच्या, ते वरून ठरलेलं असतं, आणि गाडी समोर असताना लक्षण दिसलं नाही, तर त्याच्याकडे लिहायला दुसरं काही नसतं. पण तुम्ही लिहून घ्या. कारण पुढे कागदच बोलतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. गाडी पुण्यात घेतली आणि राहता हैदराबादला किंवा बडोद्याला, तर पुण्याला खेटे घालायची गरज नाही. तपासणी लागणार असेल, तर आयोग प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. आणि मोटार वाहन कायद्यात 2019 साली कलम 110-अ आलं. सुरक्षेचा दोष असेल तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला सांगू शकतं. पण ते तक्रारींच्या संख्येवर हलतं. "फॉल्ट सापडला नाही" म्हणून घरी पाठवलेला माणूस त्या संख्येत कधीच मोजला जात नाही.

बोल्ट आवळल्यापासून माझी गाडी नीट चालते आहे. त्याच मॉडेलच्या बाकी गाड्यांमध्ये तो बोल्ट तपासणार का, असं मी कंपनीला ईमेलवर विचारलंय. सात आठवडे झाले. "आपली तक्रार बंद करण्यात आली आहे" असं उत्तर दोनदा आलं. दोन्ही वेळा मी ती पुन्हा उघडली आहे.

प्रश्न घेऊया. तिसऱ्या रांगेतल्या ताई, बोला. तुमची कुठली गाडी, आणि किती किलोमीटरला बंद पडली?