धुंधुरमासाची ऊन भाकरी

(आपल्या ज्ञातिसंघाच्या हिवाळी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या चिटणिसांनी आम्हांस ‘थंडीतील आहार’ हा विषय दिला आहे. आहारशास्त्रातले आमचे ज्ञान बेताचेच आहे. आणि पानात लोण्याचा गोळा पडला की आमच्या डॉक्टरांचा चेहरा डोळ्यांपुढे उभा राहतो, तेव्हा प्रत्यक्ष आहाराच्या बाबतीतही आमचा अधिकार आता संपल्यातच जमा आहे. तथापि आयुष्याची पहिली सोळा वर्षे आम्ही शनिवार पेठेत, ओंकारेश्वरापासून हाकेच्या अंतरावरील एका वाड्यात काढली. त्यामुळे धुंधुरमास म्हणजे काय, हे आम्हांस पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्यासंबंधीच चार शब्द बोलावे असे योजले आहे.

येथे जमलेल्या तरुण मंडळींपैकी कित्येकांनी हा शब्द केवळ भोजनगृहांच्या जाहिरातींत वाचला असेल. सूर्य धनु राशीत असतो तो धनुर्मास, म्हणजे सामान्यतः १६ डिसेंबरपासून मकरसंक्रांतीपर्यंतचा काळ. लोकांच्या तोंडी त्याचे धुंधुरमास झाले. कोणी झुंझुरमास म्हणतात, आणि झुंजूमुंजू होताना जेवावयाचे असल्यामुळे ते नावही त्यास शोभते. या महिन्यात निदान एखाद्या दिवशी सूर्योदयापूर्वी स्वयंपाक सिद्ध करावा, देवास नैवेद्य दाखवावा आणि उजाडता उजाडता पाने मांडावी, एवढाच हा आचार आहे. तमिळ लोक याच महिन्यास मार्गळी म्हणतात. पहाटे आंडाळची तिरुप्पावै, तिची तीस पदे, म्हणतात आणि तांदूळ व मुगाच्या डाळीचे, मिरे घातलेले पोंगल देवापुढे ठेवतात. आपली मुगाची खिचडी आणि ते पोंगल यांचे नाते सांगावयास पंडित नको. एक घास पुरे.

पुण्याची थंडी त्या काळी थंडी होती, असे म्हातारी माणसे म्हणतात आणि तरुण हसतात. हसोत, परंतु १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. ती थंडी आमच्या जन्मापूर्वीची. आमच्या वाट्यास आलेली त्याहून सौम्य असली तरी नदीकाठच्या पेठेतील होती. वाड्याच्या चौकात तांब्याचा बंब पेटलेला असे आणि सभोवती आम्ही सात-आठ पोरे हात शेकत उभी असू. आंघोळ झाली की दात वाजत, आणि पहाटे पाच वाजता जी भूक लागे तशी भूक पुढे आयुष्यात पुन्हा लागली नाही.

चंपाषष्ठी होऊन गेलेली असे. चातुर्मासात वर्ज्य असलेले वांगे तोवर घरात परत आलेले असे, आणि चुलीच्या आरात भाजलेल्या वांग्याचा वास माजघर ओलांडून चौकापर्यंत येई. पानावर मुगाच्या डाळीची खिचडी, तीवर साजूक तूप, बाजूस भरीत, तिळाची चटणी, ताजा गूळ, ऊन कढीची वाटी, आणि या सर्वांची राणी म्हणजे बाजरीची भाकरी. भोगीच्या दिवशी तीवर तीळ थापलेले असत आणि जोडीस पावटे, घेवडा, सोलाणे, गाजर, वांगी अशी मिसळीची भाजी असे. भाकरी टम्म फुगलेली पानात पडे. पापुद्र्यास अंगठ्याने भोक पाडावे, वाफ निघून जाण्यापूर्वी आत लोणी घालावे आणि ते वितळून पानावर ओघळण्याच्या आत पहिला घास घ्यावा, अशी ती शर्यत असे.

या भाकरीचा स्वभाव जाणून घेण्यासारखा आहे. गव्हात जो चिकटपणा असतो तो बाजरीत नाही. म्हणून ती पोळीसारखी लाटता येत नाही, ऊन पाण्यात मळून काठवटीत हातानेच थापावी लागते. बाजरीत स्निग्धांश सुमारे ५ टक्के असतो. त्यामुळे पीठ लवकर कडू होते आणि दळण ताजेच हवे. आणि भाकरी एकदा निवली की तिची रया जाते. ज्वारीची भाकरी शिळी झाली तरी दुधात कुस्करून गोड लागते. बाजरीची शिळी भाकरी आम्हांस तरी कधी रुचली नाही. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हा बाजरीची बिस्किटे, बाजरीचे केक असे पुष्कळ प्रकार निघाले. आम्ही ते चाखले आहेत. त्यांविषयी अधिक बोलत नाही.

तर ही भाकरी तव्यावरून थेट पानात पडावी लागते. म्हणजे कोणीतरी चुलीपाशी बसलेच पाहिजे. आमच्या घरी तेथे आमची आत्या बसे.

ती वडिलांहून मोठी. बालपणीच वैधव्य आलेले, केशवपन झालेले, अंगावर आलवण. तीन वाजता उठे, थंडगार पाण्याने आंघोळ करी, सोवळ्याने जात्यावर बाजरी दळी, आणि सकाळी सात वाजेपर्यंत तीस-पस्तीस भाकऱ्या भाजी. ती एकभुक्त होती. तिचे पान दुपारी, सर्वांच्या मागून. तोवर तिच्यासाठी राहिलेली भाकरी निवून कडक झालेली असे. आम्ही पोरे ‘आत्या, आणखी एक!’ म्हणून ओरडत असू, ती मोठी माणसे कौतुकाने हसत, आणि या रचनेत काही विपरीत आहे असे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही. आत्याच्या मनात आले असेल काय, हे आम्ही तिला कधी विचारले नाही.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचेही टिकले नाही, आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांतून शिरले. आमच्या वाड्याच्या मातीच्या भिंती दुसऱ्या दिवशी खचल्या. काठवट वाहून गेली, जाते चिखलात गाडले गेले. माणसे वाचली, हे ईश्वराचे उपकार. त्या हिवाळ्यात आमचे बिऱ्हाड गावाबाहेर दोन खोल्यांत होते. स्वयंपाक, जेवण, निजणे सर्व तेथेच. सोवळे पाळावयास जागाच उरली नव्हती.

यंदा कसला धुंधुरमास, असे वडील म्हणाले. आईने ऐकले नाही. एका पहाटे ती स्वतः शेगडीपुढे बसली आणि आत्यास तिने आमच्या पंगतीत बसविले. जागा इतकी अपुरी की दुसरीकडे बसावे तरी कोठे? पहिली भाकरी फुगली ती आईने आमच्या पानात वाढली नाही. “वन्सं, आधी तुम्ही घ्या,” असे म्हणून तिने ती आत्याच्या पानात ठेवली. “माझं जेवण दुपारी,” असे आत्या म्हणाली. आई काही बोलली नाही, लोण्याची वाटी मात्र तिने पुढे सरकविली. आत्याने भाकरी मोडली, बोटांस चटका बसला तसा हात मागे घेतला आणि म्हणाली, “अगं, एवढी ऊन असते होय ही?”

साठ वर्षांच्या पुढे वय गेलेली, जन्मभर भाकऱ्या भाजलेली ती बाई. वडील उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. त्या दिवशी दुपारी आत्याने पुन्हा पान घेतले नाही. परंतु पुढे ती होती तोवर दर वर्षी पहिली भाकरी तिचीच राहिली.

आता प्रस्तुत विषयाकडे वळतो. आपल्या कार्यकारी मंडळाने यंदा धुंधुरमासाचे सहभोजन योजले आहे, ही आनंदाची गोष्ट होय. सकाळी अकरा वाजता, मंगल कार्यालयात, आचाऱ्याकडून, असा बेत कळतो. भगिनींस श्रम पडू नयेत हा त्यामागील हेतू आहे आणि त्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. परंतु जानेवारीत पुण्यास सूर्य सात वाजून पाच मिनिटांच्या सुमारास उगवतो. अकरा वाजता जे होईल त्यास भोजन म्हणावे, धुंधुरमास म्हणू नये. आचाऱ्याने नऊ वाजता भाजून डब्यात रचलेली भाकरी आपणां सर्वांच्या पानांत पडेल, म्हणजे आत्याच्या वाट्यास जी येत असे तीच.

भगिनींचे श्रम वाचविण्यास दुसराही मार्ग आहे. आम्ही सुचवितो की धनुर्मासातील शेवटच्या रविवारी पहाटे पाच वाजता, शनिवार पेठेत ज्या सभासदांचा वाडा अद्याप उभा आहे त्यांच्या चौकात, पुरुष मंडळींनी जमावे. त्या वाड्याच्या मालकांची अनुमती आम्ही काल घेतली आहे. भाकऱ्या पुरुषांनी थापाव्या आणि पहिली पंगत भगिनींची बसावी. भाकऱ्या वेड्यावाकड्या होतील, काही फुगणार नाहीत, त्यांस हसण्याचा अधिकार पहिल्या पंगतीस राहील. आम्ही स्वतः वयाच्या पासष्टाव्या वर्षी भाकरी शिकलो. सुनेने शिकविली. पहिले पंधरा दिवस जे झाले ते गाईस घातले, आणि गाईनेही एकदा तोंड फिरविले. सोळाव्या दिवशी एक फुगली.

एक किलो पिठाच्या दहा-बारा भाकऱ्या होतात, त्या हिशेबाने बाजरी आदल्या सायंकाळी दळून आणावयाची आहे, त्याआधी नको. लोखंडी तवे आठ हवेत, तीन मिळाले आहेत. परातींची चिंता नाही. ज्यांस थापता येत नाही त्यांच्यासाठी त्यापूर्वीच्या दोन रविवारी आमच्या घरी सायंकाळी चार वाजता सराव ठेवला आहे. येताना पंचा आणावा. नावे नोंदविण्याची वही दाराशी चिटणिसांच्या मेजावर ठेवली आहे.