चालू दुकानात फरशी बदलताना

आजचा भाग बुधवार पेठेतून, तपकीर गल्लीच्या तोंडाशी बसून रेकॉर्ड केलाय. मागून हॉर्न ऐकू आले तर समजून घ्या. दुपारी चारला इथे शांतता मागणं म्हणजे जरा जास्तच झालं.

आजचा विषय: लिनक्सचा पॅकेज मॅनेजर विंडोजवर कसा आणला गेला. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका! तुमच्यापैकी ज्यांनी विंडोजवर गिट बॅश टाकलंय, ते रोज याच कामाचं फळ खाताहेत.

पॅकेज मॅनेजर म्हणजे काय? लिनक्सवर एखादं सॉफ्टवेअर हवं असलं की एक ओळ टाइप करायची. तो ते शोधतो, त्याला आणखी काय काय लागतं ते बघतो, सही तपासतो आणि सगळं जागच्या जागी बसवतो. काढायचं झालं तर काय कुठे ठेवलंय ते त्याला ठाऊक असतं. आर्च लिनक्सच्या पॅकेज मॅनेजरचं नाव पॅकमॅन. जड व्हिनेट यांनी 2002 मध्ये आर्चबरोबरच तो आणला.

मग सरळ लिनक्सच का टाकायचं नाही? माझं सांगतो. मी शिकत होतो तेव्हा घरात लॅपटॉप एकच. त्यावर बाबांच्या दुकानाचा सगळा हिशोब आणि जीएसटीची बिलं. बाबा म्हणाले, "काय करायचं ते कर, पण माझ्या हिशोबाला हात लावू नकोस." डिस्कचे भाग पाडताना एक चूक झाली असती, तर वर्षभराची बिलं गेली असती. माझ्यासारख्यांना विंडोज न हलवता लिनक्सची हत्यारं हवी असतात.

आता या गल्लीतलं उदाहरण. अमेरिकेहून आलेला ट्रिमर घेऊन कुणी आलं, की दुकानदार आधी विचारतो, "व्होल्टेज बघितलंत का?" पिन बदलणारा अडॅप्टर स्वस्तात मिळतो हो. पण तिकडे 120 व्होल्ट, इकडे 230. नुसती पिन बसवून बटण दाबलंत तर धूर!

सॉफ्टवेअरचंही तसंच. लिनक्सचा प्रोग्रॅम विंडोजवर नुसता कॉपी करून चालत नाही. मधे कन्व्हर्टर लागतो. तो 1995 मध्ये सिग्नस सोल्यूशन्स या कंपनीत स्टीव्ह चेंबरलेन यांनी सुरू केला. नाव सिगविन. प्रोग्रॅम लिनक्सच्या पद्धतीने काही मागतो, आणि सिगविनची एक डीएलएल फाइल ते विंडोजच्या भाषेत सांगते. त्यातूनच पुढे एमसिस-टू निघालं, आणि त्यात पॅकमॅन बसवला गेला.

बसवला म्हणजे काय केलं? आधी त्याचं गोतावळं आणलं: फाइली उलगडणारं, नेटवरून उतरवणारं, सह्या तपासणारं. मग एकेक गृहीतक सोडवलं. लिनक्सवर पॅकमॅन विचारतो, "तू रूट आहेस का?" इथे रूट नावाचा कुणी नाहीच, म्हणून ती तपासणी काढावी लागते. लिनक्सला मोठा ए आणि छोटा ए वेगळे, विंडोजला सहसा सारखेच.

सगळ्यात अवघड म्हणजे फोर्क. लिनक्सवर चालू प्रोग्रॅम क्षणात स्वतःची प्रत काढतो. विंडोजच्या प्रोग्रॅमांना ही सोय नाही. म्हणून सिगविन नवी प्रोसेस उघडतं आणि जुनीची मेमरी तिच्यात भरतं. त्यासाठी सगळ्या डीएलएल दोन्हीकडे त्याच पत्त्यावर बसाव्या लागतात. नाही बसल्या तर फोर्क फसतो. बसल्या तरी वेळ जातोच. शेकडो छोट्या कमांड चालवणारी स्क्रिप्ट इथे रेंगाळते ती यामुळेच.

आणि आता आजचा खरा मुद्दा. लिनक्सवर चालू असलेली फाइलसुद्धा पुसता येते. नाव जातं, पण वापरणाऱ्याच्या हातातली जुनी प्रत तो सोडेपर्यंत टिकते. विंडोज मात्र चालू प्रोग्रॅमची फाइल सहजासहजी पुसू देत नाही. आता बघा, पॅकमॅन ज्या डीएलएलवर उभा आहे, तीच त्याला बदलायचीय. चालू दुकानात गिऱ्हाईक उभं असताना त्याच्या पायाखालची फरशी बदलायची!

एमसिस-टूने यावर जादू केली नाही. सरळ नियम केला. मुख्य भाग अपडेट झाले की पॅकमॅन सांगतो: आता ही खिडकीसकट सगळं बंद होणार. बंद करा, पुन्हा उघडा, आणि तीच कमांड परत द्या. पॅकमॅन, डॅश, कॅपिटल एस, वाय, यू. दोनदा.

मी पहिल्यांदा तो निरोप वाचलाच नाही. मागे दुसरी खिडकी चालू ठेवली. मग जी कमांड देईन तिला फोर्कची एरर. जुनी डीएलएल मेमरीत, नवी डिस्कवर, दोघींचं जमेना. मला वाटलं, गेला लॅपटॉप! सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा उघडल्यावर सुरळीत झालं. बाबांची बिलं जागेवर होती. बाबांना हे अजून माहीत नाही.

यातून मी एक शिकलो. पोर्टिंग म्हणजे प्रोग्रॅम एकदाचा चालवून दाखवणं नव्हे. त्याने मनात काय काय धरून ठेवलंय ते शोधणं. जे बदलता येतं ते बदलायचं, आणि जे येत नाही ते वापरणाऱ्याला स्पष्ट सांगायचं.

लॅपटॉप नसेल तर फोनवर टर्मक्स बघा. अँड्रॉइडवर लिनक्ससारखं युझर-बिन फोल्डर नसतं, म्हणून त्यातली पॅकेजं वेगळ्या पत्त्यासाठी पुन्हा बांधलेली असतात. तोच खेळ, मैदान वेगळं.

आणि लॅपटॉप असेल तर गृहपाठ. एमसिस-टूच्या पॅकेजांच्या रेसिपी सगळ्यांना खुल्या आहेत. कुठलंही एक फोल्डर उघडा आणि त्यातले पॅच वाचा. तीन-चार ओळींचा पॅच असेल, पण कुणाचं तरी कुठलं गृहीतक मोडलं ते त्यात दिसेल. सापडलं तर मला कळवा.

चला, चहा आलाय. भेटू पुढच्या भागात. आणि हो, अपडेट करताना निरोप वाचा!