प्रवासी विमानाचे दुसरे आयुष्य



पंधरा-वीस वर्षे प्रवासी वाहून नेलेले विमान मोडीत काढावे की त्याचा नवा उपयोग करावा, हा प्रश्न जितका तांत्रिक, तितकाच आर्थिकही आहे. रूपांतर करताना आसने काढली जातात, बाजूस मोठा मालदरवाजा बसविला जातो, तळ मजबूत केला जातो आणि मालकक्षाच्या पुढील टोकास भक्कम अडसर उभारला जातो. मालवाहू विमान सामान्यतः दिवसाकाठी कमी तास उडते. त्यामुळे जुन्या विमानाचा अधिक इंधनखर्च कमी भांडवली खर्चातून भरून निघू शकतो.

२०२० मध्ये कोविड-१९ मुळे प्रवासी उड्डाणे थांबली, तेव्हा त्यांच्या पोटातून जाणारा मालही अडकला. स्वतंत्र मालवाहू विमानांचे महत्त्व तेव्हा जगाला उमगले. मार्च २०२३ मध्ये बोइंग आणि जीएमआर एरो टेक्निक यांनी हैदराबाद येथे बोइंग ७३७ विमानांच्या अशा रूपांतराची योजना जाहीर केली. परदेशी होणारे कुशल काम देशात आणण्याची ही संधी आहे.

तथापि, केवळ विमाने वाढल्याने शेतकऱ्याचे उत्पन्न वाढत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या कृषी उडान योजनेचे यशही शेत ते विमानतळ या अंतरावर अवलंबून आहे. शीतगृहाअभावी माल वाटेतच नासला किंवा परतीच्या फेरीस माल मिळाला नाही, तर वाहतूकदर चढेच राहतील आणि त्याचा भार अखेर उत्पादकावर पडेल. म्हणून विमान आणि शीतसाखळी यांतील गुंतवणूक एकत्रितपणेच तपासली पाहिजे.