लॉनच्या कुंपणापलीकडे



तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लग्नसराईला तोंड फुटतं. वाशिम असो, रिसोड असो की कारंजा, गावाबाहेरच्या रस्त्यांवर मंगल कार्यालयं आणि लॉन उभी राहिली, तेव्हा भोवती सोयाबीन-तुरीची वावरं होती. मग ले-आउट पडले, प्लॉट विकले गेले, घरं झाली. आता लॉनच्या कुंपणाला लागूनच कुणाची तरी झोपायची खोली आहे आणि ऐन माघ-फाल्गुनात त्या घरातली मुलगी बारावीचं पुस्तक घेऊन बसलेली आहे.

तक्रार केली की ठरलेलं उत्तर मिळतं : "आमच्याकडे परवानगी आहे." असेलही, पण कशाची? जागा चालवण्याची परवानगी वेगळी आणि ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी वेगळी. ती दुसरी हातात असली तरी आवाजाची मर्यादा सुटत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही हद्द आहे. खासगी जागेतल्या साउंडचा आवाज त्या जागेच्या सीमेवर यापेक्षा फार तर ५ डेसिबलनं जास्त चालतो. म्हणजे भरदिवसाही कुंपणाशी ६० च्या वर जायला नको.

रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सूट आहे ती बंदिस्त सभागृहाला, तीही आतल्या आत ऐकू जाण्यापुरती. लॉनला ना छत, ना भिंत. कापडी कनातीनं आवाज अडत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत मुभा देऊ शकतं, पण ती सणा-उत्सवांसाठी. घरच्या कार्याला ती लागू नाही.

आता थोडा हिशेब. स्पीकरपासून ५ मीटरवर १०० डेसिबल आवाज आहे असं धरा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. १० मीटरवर ९४, २० वर ८८, ४० वर ८२, ८० वर ७६. दीडशे मीटरवरच्या घराशीही ७० च्या आसपास उरतातच. शिवाय पोरं ज्याला बेस म्हणतात, तो खालच्या पट्टीतला दणका भिंतीलाही जुमानत नाही. तावदानं थरथरतात, मांडणीवरची भांडी वाजतात. नेहमीच्या डेसिबलच्या मोजणीत हा दणका कमीच भरतो, म्हणून यंत्रावरचा आकडा आणि छातीतली धडधड यांचा मेळ बसत नाही.

  

न्यायालयांनी या विषयात कसूर ठेवलेली नाही. १८ जुलै २००५ ला सर्वोच्च न्यायालयानं शांततेनं राहण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच मोडतो, असं सांगितलं. त्या प्रकरणाच्या मुळाशी एक घटना होती : अत्याचार झालेल्या तेरा वर्षांच्या मुलीच्या किंकाळ्या शेजारच्या लाउडस्पीकरच्या गाण्यात कुणालाच ऐकू गेल्या नव्हत्या. मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये ठाण्यातल्या एका डॉक्टरांच्या याचिकेवर सविस्तर आदेश दिले. जानेवारी २०२५ मध्ये तर तक्रारदाराची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी, असंही बजावलं.

तरी ११२ वर फोन लावायला हात धजत नाही. लग्न भाऊबंदातलं असतं, आहेराला आपणच जाऊन आलेलो असतो आणि उद्या आपल्याही घरी कार्य निघणार असतं. रात्री अकराला भर मांडवात पोलीस आले तर वर्षानुवर्षांचा शेजार तुटतो. म्हणून बोलायची वेळ ती नाही. बोलायचं ते इसार देताना.

कारण दहाच्या पुढे आवाज जातो तो बहुतेक उशिरामुळे. पत्रिकेवर गोरज मुहूर्त छापलेला असतो. नवरदेव मारुतीच्या पारावरून निघतो आठला. वरात चौकाचौकांत नाचते, मंगलाष्टकं नऊला होतात आणि पंगती बसेपर्यंत दहा वाजून गेलेले असतात. मग "आता पाहुणे नाचणारच," असं म्हणून साउंड सुरूच राहतो.

लॉनमालकांनी बुकिंगच्या पावतीवरच छापावं : साउंड दहाला बंद, स्पीकरची तोंडं वस्तीकडे नकोत, अटी मोडल्या तर अनामत परत नाही. साउंडवाल्याचीही त्यावर सही घ्यावी. नगरपरिषदेनं नव्या लॉनला परवानगी देताना शेजारच्या ले-आउटचा नकाशा समोर ठेवावा. आणि ज्यांच्या घरी येत्या सराईत कार्य आहे, त्यांनी एवढंच करावं : नवरदेवाला पारावरून वेळेवर उठवावं. मुहूर्त साधला तर वधूवरांचं भलं होतं म्हणतात. शेजाऱ्यांचं तर नक्कीच होईल.