'अगेन' आणि आपले 'पुन्हा'

इंग्रजीतला 'अगेन' हा शब्द प्राथमिक शाळेतला मुलगाही ओळखतो. अर्थ विचारा, 'पुन्हा' असे चटकन सांगेल. गफलत होते ती तिथेच.

मुंबईत घोडपदेवला मी रात्रीचा एक वर्ग घेतो. एकदा मुलांना सांगितले, भाषांतरासाठी घरात बोलले जाणारे एक वाक्य घेऊन या. एकाने आणले : 'आजोबा परत मुंबईला आले.' इंग्रजी करताना तो अडला. म्हणाला, "सर, 'बॅक' घालू की 'अगेन'?"

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आपले 'परत' दोन्ही कामे करते. 'त्याने पैसे परत दिले' म्हणजे घेतलेले फेडले, की एकदा देऊन वर आणखी दिले? हिशेबाच्या वहीत केवढा फरक पडेल!

गंमत अशी की, 'अगेन'चाही जुना अर्थ 'समोर, उलट दिशेने, माघारी' असाच होता. 'अगेन्स्ट' म्हणजे विरुद्ध, हा त्याचाच भाऊबंद. संस्कृतातल्या 'पुनर्'लाही 'माघारी' आणि 'आणखी एकदा' हे दोन्ही अर्थ आहेत. आपले 'फिरून' तर उघडच फिरण्यातून आले. तीच वाट दुसऱ्यांदा चालायची तर आधी मागे वळावे लागते, हे या शब्दांच्या पोटात आहे.

शिक्षकांनी वर्गात तीन कसोट्या लावून पाहाव्यात. 'परत'च्या जागी 'माघारी' बसले, तर 'बॅक' घ्यावे. 'आणखी एकदा' बसले, तर 'अगेन'. आणि 'पहिल्यासारखे' बसले, तरीही 'अगेन'च. 'रोगी पुन्हा बरा झाला' म्हणजे तो दोनदा बरा झाला नव्हे, पहिल्यासारखा झाला. याखेरीज एक खाचखळगा आहे : 'अ‍ॅज मच अगेन' म्हणजे तेवढेच आणखी, अर्थात दुप्पट. 'हाफ अ‍ॅज मच अगेन' म्हणजे मात्र दीडपट. घाईत मुले 'पुन्हा अर्धे' असे लिहून मोकळी होतात.

आता त्या आजोबांकडे वळू. ते गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आज ना उद्या गिरणी पुन्हा सुरू होईल, या आशेवर हजारो माणसे गावाकडे गेली. त्या 'पुन्हा'चा अर्थ 'पहिल्यासारखी' असा होता. तो खरा झाला नाही. एकेक करून गिरण्या बंद पडल्या. पुढे घोडपदेवच्या न्यू हिंद मिलच्या जागेवर म्हाडाने गिरणी कामगारांसाठी इमारती बांधल्या, सोडतीने घरे दिली. आजोबांना त्यांतले एक मिळाले.

मी मुलाला म्हटले, "इथे 'बॅक' घाल. आजोबा माघारी आले."

त्याने लिहिले. मग थोडे थांबून म्हणाला, "सर, ते रोज सकाळी भोंग्याच्या वेळेला उठतात. त्याला?"

"त्याला 'अगेन अँड अगेन' म्हण," मी म्हटले.

श्रोतेहो, शब्दाचा अर्थ कोशात पाहावाच. पण वाक्य कोणाच्या घरातून आले आहे, तेही मुलाला विचारावे.