कावडीतले पाणी



मी कीर्तनकार नव्हे, कचेरीतला कारकून. तरी नाथमहाराजांची कथा सांगतो. काशीची गंगा कावडीने रामेश्वराला न्यायची. वाटेत गाढव तहानेने तडफडताना दिसले. नाथांनी ते पाणी त्यालाच पाजले. आपण ऐकतो, मान डोलावतो. तरीही चोखोबांची समाधी पंढरीला महाद्वाराबाहेरच राहिली, आणि अस्पृश्य मानलेल्या बांधवांना विठ्ठलमंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावावे लागले. पोथी तर घरोघर होती!

आता आपले देऊळ नवे झाले. वारीला जाणारे-येणारे टेकतील. आवारात रांजण भरलेला असावा. पिणाऱ्याला जात किंवा वाडी कोणी विचारू नये. पहिल्या आठवड्याची पाळी माझ्या घरची लिहून घ्या.